हिरवं होईपर्यंत

रवळू आप्पांनी पिशवीतून फोन काढला, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद सोडवला, धोतराच्या सोग्याला काच पुसली आणि फोन टेबलावरून सूरजपुढं सरकवला. निपाणीच्या पलीकडच्या गावाहून दोन बस बदलून ते बेळगावात आले होते. खडेबाजारातल्या साड्यांच्या दुकानावरचं हे ऑफिस हुडकता हुडकता त्यांची चांगलीच दमछाक झाली होती, पण पुढं केलेला पाण्याचा ग्लास बाजूला ठेवून त्यांनी आधी तक्रार मांडली.

“मोटर आपोआप चालू हुत्या.”

“बंद केल्यावर?”

“तर. मी बंद करतो, जेवायला बसतो, आन् शेजारचा फोन करतोय, आप्पा, तुझी मोटर चालल्याय. तीनदा झालं. तिसऱ्यांदा हिरीत पानी नव्हतं, मोटर जळाली.”

सूरजला ही तक्रार पाठ झाली होती. गेल्या तीन महिन्यांत ती अकरा वेळा आली होती, चिकोडीकडून, खानापुराकडून, एकदा तर सांगलीकडूनही. त्यांची छोटीशी कंपनी विहिरीवरच्या स्टार्टरला जोडायची एक पेटी बनवत होती आणि घरी बसून मोटर चालू-बंद करायचं अ‍ॅप देत होती. पडद्याला बोट लागलं की काय व्हायचं आणि बोट उचललं की काय व्हायचं, अ‍ॅपमधलं हे सगळं काम एकट्या सूरजचं. पंधरा दिवस त्यानं ते बटण हरतऱ्हेनं दाबून पाहिलं होतं. ओल्या बोटानं, डाव्या हातानं, धूळ माखलेल्या काचेवर, भेगाळलेल्या काचेवर. त्याच्या हातून मोटर एकदाही आपोआप चालू झाली नव्हती. शेवटी त्यानं अकराही जणांना ‘नेटवर्क तपासा’ म्हणून कळवलं होतं आणि कंपनीचे मालक मंथन सर हसून म्हणाले होते, शेतकऱ्यांची बोटं दुरुस्त करायचं अ‍ॅप काही आपल्याकडं नाही.

टेबलावर चाचणीची पेटी होती. मोटरीच्या जागी तिला साधा बल्ब लावलेला. सूरजनं आप्पांचा फोन त्या पेटीला जोडला आणि बल्ब पेटवला. पडद्यावर मोठं लाल वर्तुळ आलं, आत लिहिलेलं, ‘बंद करा’.

“आता घरी करता तसं बंद करून दाखवा.”

आप्पांनी अंगठा लाल वर्तुळावर ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला. बल्ब विझला. अंगठा हलला नाही. मग अंगठ्याच्या कडेनं लाल रंग जाऊन हिरवा आला, ‘बंद करा’च्या जागी ‘चालू करा’ आलं. आप्पांनी मान वाकडी करून रंग नीट निरखला, खात्री झाल्यावर सावकाश अंगठा उचलला आणि फोन पुन्हा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायला घेतला.

ते गुंडाळत असताना पडद्याच्या तळाशी उमटलेली बारीक ओळ सूरजनं वाचली. ‘आदेश मिळाला. दोन मिनिटांत मोटर चालू होईल.’

“आप्पा, एवढा वेळ अंगठा का धरून ठेवला?”

आप्पांना प्रश्नच विचित्र वाटला.

“मग? स्टार्टरचं लाल बटण आसंच धरायला लागतंय. आतलं चिकटतंय न्हवं? झटक्यानं बोट काढलं तर मोटर बंदच हुत न्हाय. आवाज थांबंस्तवर बोट काढायचं न्हाय, बानं शिकवलंय. हितं घरात बसून आवाज कुठला ऐकू यायला? म्हनून हिरवं हुईस्तवर धरतो. नीट केल्यालं बरं.”

हे सूरजला ठाऊक असायला हवं होतं. तो काही पुण्या-बेंगळुरूत वाढला नव्हता. कंग्राळीच्या त्यांच्या विहिरीवर तसलाच जुना स्टार्टर होता आणि दहा वर्षांचा असताना त्यानं स्वतः ते लाल बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं होतं. पण अ‍ॅप त्यानं खुर्चीत बसून लिहिलं होतं, आणि खुर्चीत बसलेला माणूस काचेवर नुसती टिचकी मारतो.

दोन मिनिटं झाली. बल्ब पेटला.

“बगा,” आप्पा म्हणाले.

चूक साधी होती, लाज वाटावी इतकी साधी. काम झटपट व्हावं म्हणून बोट टेकताच आदेश सुटेल असं सूरजनं लिहिलं होतं. काही जुन्या फोनना ते टेकणं कळत नसे, म्हणून बोट उचलल्यावरही आदेश सुटेल अशी सोय त्यानं ठेवली होती. एकाच दाबण्याचे दोन आदेश होऊ नयेत म्हणून एका सेकंदाच्या आतला दुसरा आदेश तो टाकून देत होता. एका सेकंदाहून जास्त वेळ कुणी बोट धरून बसेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. टेकताना बटण लाल असे, मोटर बंद होई. उचलताना त्याच जागी हिरवं बटण आलेलं असे, आणि ते उचलणं हिरव्यावर मोजलं जाई. मोटरीला धक्का बसू नये म्हणून पेटी दोन मिनिटं थांबे आणि मग मोटर चालू करी. टिचकी मारून निघून जाणाऱ्या उडाणटप्पूला यातलं काहीच होत नव्हतं. जो जितकी काळजी घेई, हिरवं झाल्याशिवाय अंगठा उचलत नसे, त्याचीच मोटर नेमकी चालू होई.

“लई उपकार झाले आप्पा,” सूरज म्हणाला. “सापडलं.”

आप्पा पाणी पिऊन जिना उतरून गेले. सूरज खुर्चीत बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं कंग्राळीतली त्याची चुलती आली.

जयाबाई काकीही अशीच होती. गॅसचा कॉक बंद केल्यावर तीनदा हात लावून बघणारी.

पौषातली गोष्ट. सकाळी विहिरीवरून नागोजी काकांनी घरी फोन केला, केबलच्या जोडातून ठिणग्या उडतात, मोटर बंद कर, मी जोड सोडून नवीन टेप मारतो. काकीनं मोटर बंद केली. काकांनी आवाज थांबलेला ऐकला, जोड सोडला, तार हातात घेतली. तार हातात असतानाच मोटर चालू झाली. शेजारच्या रानातला भावकू धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

काकी पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होती, म्या बंदच केलती. मग तेराव्याच्या आधी तिचा मुलगा सौरव सूरजकडं आला. अ‍ॅपमध्ये सगळं नोंदलेलं असतं न्हवं, बघून सांग, म्हणाला. सूरजनं कंपनीच्या सर्व्हरवरून नोंद कागदावर छापून आणली आणि ओसरीवर बसलेल्या दहा-बारा माणसांसमोर वाचून दाखवली. काकीच्या फोनवरून दोन आदेश आले होते. दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी मोटर बंद. त्यानंतर चार सेकंदांनी मोटर चालू. सौरव उठला, आईच्या हातातला फोन त्यानं काढून घेतला आणि ट्रंकेत टाकला. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंही धड बोलत नव्हता.

आता सूरजनं तीच नोंद पुन्हा उघडली. तेव्हा त्यानं वेळ आणि आदेश एवढंच पाहिलं होतं. उजवीकडं आणखी एक रकाना असतो, त्यात प्रत्येक स्पर्शाला एक क्रमांक मिळतो. तो रकाना त्यानं त्या दिवशी उघडलाच नव्हता. दोन्ही आदेशांपुढं एकच क्रमांक होता. काकीनं काचेला एकदाच हात लावला होता.

ओसरीवरचा आपला आवाज त्याला आठवला. स्पष्ट, सावकाश, शाळेत धडा वाचावा तसा. त्याला स्वतःची शिसारी आली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. मंथन सरांनी ती बघितली आणि दार लोटून घेऊन ते समोर बसले.

“टाक अपडेट. पण बेतानं. आधी शंभर जणांना, मग बाकीच्यांना. कारण विचारलं तर लिही, किरकोळ सुधारणा.”

“सर, सगळ्यांना निरोप पाठवूया. अंगठा धरून ठेवू नका, बंद केल्यावर मेन स्विच काढल्याशिवाय तारेला हात लावू नका.”

“आणि का म्हणून विचारलं तर?”

सूरजनं पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडं बघितलं.

“पहिलं कोण विचारेल तुला माहीत आहे,” मंथन सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट त्यात माया होती. “तुझ्याच घरातून विचारतील. ती ओळ कुणी लिहिली, हेही विचारतील. मी तुझ्यासाठी सांगतोय.”

ते गेल्यावर सूरजनं सर्व्हरवरची चालू यादी उघडली. तालुक्यातालुक्यांत शेतीपंपांची थ्री फेज वीज आलेली वेळ होती. ओळी वर सरकत होत्या. बंद, बंद, चालू, बंद. आणि मधूनच एकाच स्पर्शाची जोडी, बंद, चालू. कुठल्या तरी रानात आत्ता मोटर थांबली होती, आणि कुणी तरी आवाज थांबलेला ऐकून तिच्याजवळ जात असेल. पुढची दोन मिनिटं सूरज त्या ओळीकडं बघत बसला. मोटर चालू झाल्याची नोंद आली. त्यापलीकडं काय झालं हे सांगणारा रकाना नव्हता.

मग त्यानं बेतानं घ्यायचं सोडलं. शंभर जणांचं बंधन काढून टाकलं आणि अपडेट सक्तीचं करून एकदम सगळ्यांना सोडलं. ज्या फोनला नेट मिळेल त्यानं काही न विचारता ते घ्यावं आणि मगच अ‍ॅप उघडावं, अशी व्यवस्था केली. नोकरी गेली तर गेली. संध्याकाळपर्यंत यादीतल्या जोड्या थांबल्या.

मग त्यानं सौरवला फोन लावला.

“उद्या रविवार, सकाळी येतो. काकीचा तो फोन हाय न्हवं ट्रंकेत?”

“हाय. बंद पडलाय. का?”

“बाहेर काढ. चार्ज करून ठेव. आल्यावर सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरजनं कंग्राळीतल्या त्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला. काकी सोप्यात पाट्यावर चटणी वाटत बसली होती. घरात मिक्सर होता, पण काकांच्या मागं तिनं बटण म्हणून कशालाच हात लावला नव्हता. संध्याकाळी सौरवची बायको दिपाली शाळेतून येईपर्यंत ती अंधारात बसते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

“ये रं,” ती म्हणाली. “वाळलास.”

सौरव आतून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. सूरज काकीसमोर जमिनीवर बसला. येताना मोटारसायकलवर त्यानं बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं त्याला काही आठवलं नाही.

“काकी, त्या दिवशी तुझी चूक नव्हती. तू बंदच केलतीस. चूक अ‍ॅपात हुती. माझ्या हातची.”

वरवंटा थांबला. काकीनं त्याच्याकडं पाहिलं आणि हसल्यासारखं केलं.

“न्हाय बाळा. आधी मीबी तसंच म्हनत हुते. आता मला नीट आठवतंय. लाल दाबलं, हात काढला, आन् परत हिरव्यावर ठेवला. डोळ्यांम्होरं दिसतंय. रोज दिसतंय.”

“तसं झालंच न्हाई. एकदाच हात लावलातास तू. नोंदीत हाय.”

“कंच्या नोंदीत?” सौरवनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “तवा तूच वाचून दावलंस, दोन आदेश. धा माणसांत. आता एक म्हनतोस?”

सूरजनं त्याला सगळं सांगितलं. अंगठा टेकणं, रंग बदलणं, अंगठा उचलणं, रवळू आप्पा, बल्ब. सांगताना त्यानं कुणावर ढकललं नाही, प्रत्येक वाक्यात ‘मी’ म्हणाला. सौरव ऐकत होता. त्याच्या कपाळावरची शीर उठली होती. सूरजला वाटलं, हा आता अंगावर येणार, आणि आला तर बरं होईल. पण सौरव खांबापासून सुटला, सावकाश चालत आला आणि आईच्या शेजारी, पाट्याला लागून, जमिनीवर बसला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याजवळ बसत होता. काकीनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण पदराखालचा तिचा हात त्याच्या गुडघ्याजवळ सरकला.

“दाव,” तो म्हणाला. “मला डोळ्यांनी बघू दे.”

“विहिरीकडं कोण हाय?”

“कोण न्हाय. मीच आत्ता कुलूप लावून आलोय.”

त्यानं उठून कोनाड्यातला फोन आणला, अ‍ॅप उघडलं, नव्या मोटरीचा नंबर घातला आणि मोटर चालू केली. थोड्या वेळानं मागच्या रानातून घुमणारा आवाज सुरू झाला. त्या आवाजानं काकीचे खांदे आत ओढले गेले. फोन तिच्यापुढं धरला तसा तिनं हात मागं घेतला.

“काकी, एकदाच,” सूरज म्हणाला. “त्या दिवशी केलतंस तसं. तूच दाब. तुलाच दिसू दे.”

पडद्यावरची अक्षरं दाखवून तिला पटलं नसतं. मोटरीनंच सांगायला हवं होतं. काकीनं चटणीचा अंगठा लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला. मग तिनं तो लाल वर्तुळावर टेकवला आणि धरून ठेवला. अंगठा सुटला नाही. रानातला आवाज थांबला. तिनं मान वाकडी करून रंग बघितला आणि अंगठा उचलला.

“आता दोन मिनिटं थांबायचं,” सूरज म्हणाला. “मग आपोआप चालू होईल.”

तिघं बसून राहिले. सौरवनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. गल्लीतून कुणाची तरी म्हैस गेली. काकी मागच्या दाराकडं तोंड करून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही तरी आलं होतं की सूरजला तिकडं बघवेना. तिला मोटर चालू व्हायला हवी होती. नवऱ्याला मारणारा तो आवाज तिला जिवाच्या आकांतानं हवा होता.

दोन मिनिटं झाली. अडीच झाली. रान शांत होतं.

“किती झाली?” काकीनं विचारलं.

“तीन,” सौरव म्हणाला.

सूरजनं फोन ओढून घेतला. हिरवं वर्तुळ स्थिर होतं, तळाला कुठलीच ओळ नव्हती. त्यानं कोपऱ्यातला अ‍ॅपच्या आवृत्तीचा बारीक आकडा बघितला. कालचा आकडा. फोन ट्रंकेत तसाच बंद पडून राहिला असता तर जुनंच अ‍ॅप राहिलं असतं. त्यानंच तो बाहेर काढायला सांगितला होता. चार्जिंगला लावल्यावर फोन जागा झाला होता, आणि जागा होताच त्यानं ती सक्तीची दुरुस्ती घेतली होती.

“मी काल दुरुस्त केलं,” तो म्हणाला. आपलंच बोलणं त्याला खोटं वाटलं. “सगळ्यांच्या फोनात. हितंबी ते येऊन बसलंय. जुनं ऑफिसात हाय, सौरव. दुपारी घेऊन येतो. बल्ब लावून दावतो तुला.”

“तवा एक कागद आणलास,” सौरव म्हणाला. “आज ह्ये आणलंस. दुपारी आनखी एक आनशील.”

तो उठला. मागच्या दारापाशी क्षणभर थांबला, मग चप्पल घालून रानाकडं निघून गेला. सूरज हाक मारणार होता, पण काकीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. चटणीनं तिचा हात लाल झाला होता.

“जाऊ दे त्याला. फोनात खोट न्हाय, मला ठावंच हुतं.”

“काकी, देवाशप्पथ सांगतो—”

“शप्पथ नगं घेऊ रं,” ती म्हणाली आणि त्याचं मनगट थोपटलं. “माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून आलास, मला काय कळत न्हाय? तुझा काका आसता तर त्यानंबी आसंच कायतरी सांगितलं आसतं.”